फिरकीच्या तांब्यातला रविवार

अंबरनाथात, फार काय कल्याणपासून थेट कर्जतपर्यंत, माझ्या मामेसासऱ्यांइतका कायद्यावर जीव टाकणारा माणूस दुसरा नव्हता; आणि आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून दारू पिण्याचा सरकारी परवाना असलेला माणूसही तेवढा एकच होता. या दोन गोष्टी एका सदऱ्यात कशा मावत, हे ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना पटायचं नाही. बायकोचे सख्खे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणत असे. ते मला जावईबापू म्हणत आणि मी चपला काढून आत येईपर्यंत खुर्ची सोडून उभे राहत, कारण जावयाचा मान हाही त्यांच्या लेखी एक कायदाच होता. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरी विजार, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चेहऱ्यावर कुणीतरी आत्ताच शपथ घ्यायला लावल्यासारखा भाव. मोरिवलीच्या बाजूला असलेल्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. उशिरा आलेल्या कामगाराच्या नावापुढे खूण करताना त्यांचाच जीव कासावीस होई. पण एकदा स्वतःला उशीर झाला तेव्हा त्यांनी स्वतःच्या नावापुढे जी खूण केली ती इतरांच्या खुणेहून जरा मोठीच होती, असं लोक सांगत.

रात्री सायकलला दिवा हवा, हा तेव्हाचा नियम. आमच्याकडच्या रस्त्यांवर दिवा असला काय नि नसला काय, समोरून यायचं ते एखादं ढोरच. पण उल्हासनगरहून परत येताना मामांचा दिवा विझला की ते तिथल्या तिथे उतरत आणि सायकल हातात धरून अंबरनाथ पश्चिमेपर्यंत चालत येत. एकदा उतरायच्या आधी चाक थोडं पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चौकीवर हजर. हवालदार दाढी करत होता. त्याने साबण लावलेल्या तोंडाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, तुमचं घरी कुणाशी भांडण झालंय का?" दारावर येऊन पडणाऱ्या एका भटक्या कुत्र्यासाठी त्यांनी पट्टा आणि परवान्याचा बिल्ला आणला होता. कुत्र्याला तो मान सोसला नाही; ते बिल्ल्यासकट परागंदा झालं. पुढे कित्येक दिवस मामा त्याला शोधत होते, प्रेमापोटी नव्हे, तर आपल्या नावाचा बिल्ला घालून ते कुठे काय करील या काळजीपोटी.

असा माणूस दारूबंदीच्या राज्यात दारूचं परमिट मागायला गेला तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करा. त्या काळी मुंबई राज्यात दारू प्यायची तर प्रकृतीच्या कारणाने प्यावी लागे, आणि प्रकृती पुरेशी बिघडलेली आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागे. बाकीचे लोक डॉक्टरपुढे कण्हत, हात थरथरवून दाखवत. मामांनी मात्र जे विचारलं ते खरं सांगितलं. किती घेता? आठवड्यातून एक पेला. केव्हा? रविवारी, दिवेलागणीच्या आधी. न मिळाल्यास काय त्रास होतो? मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "काही नाही. रविवार लांबतो." डॉक्टर भला होता. त्याने कपाळावर हात मारला आणि अग्निमांद्य, म्हणजे भूक मंद, असं लिहून दिलं. परमिट मिळालं, पण मामांच्या डोक्याला नवाच घोर लागला. कागदावर भूक मंद आणि ताटात तर तीन भाकऱ्या. तेव्हापासून रविवारी दुपारी ते एक भाकरी कमी खाऊ लागले. मामी म्हणाल्या, अहो, कोण बघायला येतंय? तर म्हणाले, "डॉक्टरने आपल्यासाठी सही केलीय. त्याला खोटं पाडायचं नाही." मामी मग आमटी वाढताना वाटी काठोकाठ भरत. कायद्यात आमटीचा उल्लेख नव्हता.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण हे सगळं मी बघितलं ते काही निर्मळ मनाने बघितलेलं नाही. मी शाळामास्तर. वर्गात नागरिकशास्त्र शिकवी, व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरीत पुढे चाले, आणि दर रविवारी संध्याकाळी मामांच्या व्हरांड्यात स्टुलावर जाऊन बसे. मी प्यायलो कधी नाही. हे पुण्य म्हणून सांगत नाही; धीर झाला नाही इतकंच. वास मात्र मनापासून घेतला. लिंबाच्या ओल्या सालीत देवदाराची काडी मोडावी तसा तो वास होता, आणि सोमवारी शाळेत प्रार्थनेला डोळे मिटले की नेमका तोच आठवे. बायकोला मी "मामांकडे जाऊन येतो" म्हणत असे. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि मामांच्या सहवासात राहून राहून मला या दोहोंमधलं अंतर फार दिसू लागलं होतं.

मामा मूळचे रत्नागिरीकडचे, पण उमेदीची सगळी वर्षं कराचीत गेलेली. तिथे बंदरावरच्या कचेरीत ते कारकून होते. शेजारच्या टेबलावर तोलाराम नावाचा सिंधी कारकून. त्याच कचेरीत एक गोवेकर होता, पूर्वी बोटीवर साहेबांचे पेले भरलेला; त्याने या दोघांना जिनचा एक सोपा प्रकार शिकवला. जिन, लिंबाचा गोड पाक आणि बर्फ. बस्स. साहेब लोक त्याला गिमलेट म्हणत; मामी शेवटपर्यंत "तुमचं ते औषध" म्हणत आल्या. दर रविवारी तोलारामच्या गच्चीवर, समुद्राकडे तोंड करून, दोघे एकेक पेला घेत. दुसरा कधी नाही. मग फाळणी आली. मामा-मामी बोटीने मुंबईला उतरून अंबरनाथला आले. तोलाराम, त्याची बायको आणि मुलं पुढच्या कुठल्यातरी बोटीने आली आणि कल्याण कॅम्पात, म्हणजे ज्याचं पुढे उल्हासनगर झालं तिथे, एका बराकीत येऊन पडली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मामा कॅम्पच्या बाजारात खिळे आणायला गेले असताना एका दुकानात बटणं, नाडे आणि लेस विकत असलेला माणूस त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. मामांनी मला सांगितलं, "आम्ही काही बोललो नाही. त्यानं मला नाड्याची एक लडी बांधून दिली. मला नाडा नको होता. मी घेतली."

पुढच्या रविवारपासून तोलाराम येऊ लागला. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर गोणपाट, गोणपाटात लाकडाचा भुसा, भुशात बर्फ. कॅम्पात बर्फ मिळे, अंबरनाथला मिळायची मारामार. म्हणून बर्फ त्याचा. गोणपाटातून पाणी ठिबकत असे आणि त्याच्या सायकलच्या मागे कॅम्पपासून मामांच्या दारापर्यंत एक ओली रेघ उमटे. आल्या आल्या तो माझ्याकडे बघून म्हणे, "मास्तर, परीक्षा झाली? किती पोरांना मारून टाकलंत?" आणि हसे. त्याला समोरचे दोन दात नव्हते. मराठी तो कॅम्पातल्या गिऱ्हाइकांकडून शिकला होता, त्यामुळे ती जरा बाजाराच्या बाजूची होती. मामांशी तो सिंधीतच बोले आणि त्यांना साईं म्हणे. मामा सिंधी बोलू लागले की त्यांच्या कोटाचं वरचं बटण आपोआप सुटे, असं मला तरी वाटे.

आता कृती. मामांचं मिश्रण करण्याचं भांडं म्हणजे मामींच्या आहेरात आलेला पितळी फिरकीचा तांब्या. प्रवासात पाणी न्यायला असतो तो, झाकण फिरवून घट्ट बसणारा. कराचीहून निघताना बोटीवर त्यातलंच पाणी दोघांनी पुरवून पुरवून प्यायलेलं. त्या तांब्यात दारू पडणार हे कळलं तेव्हा मामी दिवसभर बोलल्या नाहीत आणि संध्याकाळी एवढंच बोलल्या की पितळेत आंबट चालत नाही, कल्हई करून आणा. ती संमती होती. तेव्हापासून कल्हईवाल्याची आरोळी ऐकू आली की मामा घरातली सगळी भांडी सोडून आधी तो तांब्या घेऊन धावत. जिन मोजायला औषधाचं चिमुकलं काचेचं माप, कारण परमिट औषधाचं. बर्फ पंच्यात गुंडाळून बत्त्याने फोडायचा, फार बारीक नाही, सुपारीएवढा. तांब्यात आधी बर्फ, मग पाक, मग जिन. झाकण फिरवून, पंच्यात धरून, डोळे मिटून मामा तो तांब्या कानाशी हलवत. किती वेळ, याला मोजमाप नव्हतं. आतला बर्फ आधी दगडासारखा वाजे, मग गोट्यांसारखा, मग त्याचा आवाज मऊ व्हायला लागला की मामा डोळे उघडत. तांब्यावर घाम धरलेला असे. मग चक्का बांधायच्या फडक्याच्या तुकड्यातून ते पेल्यात गाळून घेत. पलीकडच्या घरातल्या आजी कुंपणातून हे बघत. त्यांची समजूत अशी की मामांचा खांदा धरलाय आणि हा कुणा वैद्याने सांगितलेला व्यायाम आहे. आपल्या मुलालाही त्यांनी तो करायला लावला होता, रिकाम्या तांब्याने.

लिंबं बदलापूरची, आणि बदलापुरातही बेलवलीच्या एका घरामागच्या एकाच झाडाची. शनिवारी पाळी संपली की मामा सायकलवर टांग टाकत. कॅम्पातलं लिंबू दिसायला मोठं पण सालीला जाड. अंबरनाथच्या बाजारातलं आधीच तोडून ठेवलेलं. बेलवलीचं मात्र हातात घेतलं की जड लागतं, असा त्यांचा सिद्धान्त. ते एकेक लिंबू तळहातावर तोलत, देठाशी वास घेत, उन्हाकडे धरत. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईने एकदा कंबरेवर हात ठेवून विचारलं होतं, "काका, तुमी लिंबू घ्याला आल्याव का पोर बघाला?" मामा गंभीरपणे म्हणाले की दोन्हीकडे फसगत झाली तर सारखीच महागात पडते. म्हातारीला ते इतकं पटलं की पुढच्या खेपेपासून ती स्वतःच्या सुनेदेखत त्यांना चांगली लिंबं बाजूला काढून देऊ लागली.

त्या लिंबांचा पाक करत मामी. साखरेचा एकतारी पाक, उतरवून कोमट झाल्यावर त्यात रस, थोडी किसलेली हिरवी साल, कणभर मीठ. सगळं चिनी मातीच्या बरणीत. हा पाक सरबताचा आहे असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि उन्हाळ्यात खरोखर कुणी सरबत मागितलं तर कोकमाचं देत. रविवारी संध्याकाळी त्या व्हरांड्याकडे फिरकत नसत, पण पाकाची बरणी दुपारीच उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, त्यांच्या हद्दीत, आणून ठेवलेली असे. मामा उंबऱ्यातून हात लांबवून ती उचलत. एका वर्षी पाक जरा पातळ झाला. मामा काही बोलले नाहीत; पण दुसऱ्याच दिवशी मामी मला म्हणाल्या, "कालचं त्यांचं बरं झालं नसेल ना हो? साखरच ओली होती." त्यांनी ते कधी चाखलं नव्हतं.

आता खरी अडचण सांगतो. परमिट ज्याच्या नावचं, त्यानेच प्यायचं. दुसऱ्याला पाजलं तर तो गुन्हा, पाजणाऱ्याचाही आणि पिणाऱ्याचाही. तोलारामला परमिट नव्हतं. मामांनी त्याला अर्ज करायला सुचवलं तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. कॅम्पातल्या बराकी म्हणजे मध्ये गोणपाटाचे पडदे. एकाला ठसका लागला तर चौथ्या घरातून पाणी येई. घरात लग्नाच्या मुली. तो मामांना जे म्हणाला ते मामांनी मला मराठीत सांगितलं: घर गेलं, नोकरी गेली, आता नाव तरी राहू दे. मग मामांनी तोडगा काढला. तांब्यात आधी तोलारामचा पेला व्हायचा: बर्फ, पाक, पाणी, आणि जिन नाही. तेवढंच हलवायचं, तसंच गाळायचं, तसाच पेला. मग मामांचा, जिन घालून. हा क्रम कधी चुकायचा नाही, कारण उलट झालं तर तांब्यात राहिलेला एखादा थेंब तोलारामच्या पेल्यात जायचा आणि कायद्याचा भंग व्हायचा. दोन पेले शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते सांगता आलं नसतं. म्हणून मामांचा नेहमी खांबाकडच्या तिवईवर आणि तोलारामचा कठड्यावर.

आणि गंमत अशी की चढायची ती तोलारामला. पेला अर्धा झाला की त्याचे डोळे चमकत, तीन चतुर्थांश झाला की तो गायला लागे. सिंधी गाणी, लांबच लांब, ज्यांत कुणीतरी कुणालातरी नदीच्या पलीकडून हाक मारतंय एवढंच मला कळे. मग तो उठून कठड्याला धरून उभा राही आणि मोरिवलीच्या दिशेने हात करून "समुद्र" म्हणे. मामा, ज्यांच्या पोटात खरी जिन गेलेली, ते ताठ बसून त्याला सांगत, तोलाराम, सावकाश, पडशील. आतून मामींचा आवाज येई की पाकातच काहीतरी असलं पाहिजे. जाताना तोलाराम सायकलवर बसायलाही कचरत असे. मामा त्याला फाटकापर्यंत सोडायला जात, एका हातात त्याची सायकल आणि दुसऱ्या हातात त्याचा दंड. लिंबाचं सरबत प्यायलेल्या माणसाला जिन प्यायलेला माणूस आधार देत चाललाय, हे दृश्य मी कितीतरी रविवार पाहिलं.

एकदा मी मामांना विचारलं होतं, इथे व्हरांड्यात कोण येतंय बघायला; एक चमचा घातला तर काय बिघडेल? मी हे विचारलं, नागरिकशास्त्राच्या मास्तरने, याची मला अजून शरम वाटते. मामा रागावले नाहीत. पंच्याने तांब्या पुसत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कायदा पुस्तकात पाहिलाय. मी तो नसलेला पाहिलाय. संध्याकाळी होता, सकाळी नव्हता. सगळी माणसं तीच होती, गल्ली तीच होती." तोलाराम भुशातून बर्फ काढत होता. आपल्याला कळलं असं त्याने दाखवलं नाही, पण त्याचा हात थांबला होता.

त्यानंतर काही वर्षांनी तोलारामच्या मोठ्या मुलाचं अजमेरला बस्तान बसलं. मुलींची लग्नं झाली होती. मुलाने आईबापांना बोलावलं. दुकान पुतण्याच्या हाती द्यायचं ठरलं. ही बातमी तोलारामने रविवारी सांगितली, अगदी सहज, बर्फ झटकता झटकता. पुढच्या रविवारनंतर तो येणार नव्हता. मामा म्हणाले, बरं झालं, मुलाजवळ राहावं माणसाने. दोघांनी पेले संपवले. त्या दिवशी तोलाराम गायला नाही. उठताना त्याने पायात चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, आणि मग माझ्यादेखत, मला कळावं म्हणूनच की काय, मराठीत म्हणाला, "साईं, पुढच्या टायमाला एक खरा बनव. गच्चीवर होता तसा. फक्त एक." आणि मामा काही म्हणायच्या आत सायकल घेऊन निघून गेला, त्या दिवशी अगदी सरळ.

तो आठवडा मामांनी कसा काढला ते मी जवळून पाहिलं. कारखान्यात त्यांनी वेळेवर आलेल्या माणसाच्या नावापुढे उशिराची खूण केली आणि मग त्याची माफी मागायला त्याच्या घरी गेले. जेवताना तर रविवारचा नियम त्यांनी रोजचाच करून टाकला. दोनाच्या वर भाकरी जात नव्हती. बुधवारी संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ते कधी येत नसत. माझ्या बायकोने घाबरून पाट मांडला. मामा पाटावर न बसता दारातच उभे राहून म्हणाले, "गुन्ह्यात लहान-मोठा असा भेद असतो का? तुम्ही शिकवता म्हणून विचारतो." माझ्यापुढे एक म्हातारा माणूस जीव मुठीत धरून उभा होता आणि मी त्याला पुस्तकातलं उत्तर दिलं. म्हणालो, शिक्षेत भेद असतो, गुन्ह्यात नसतो. मामांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाले, आणि पाणीही न घेता परत गेले. बायको मला म्हणाली, "त्यांनी कायदा विचारला होता का हो?" मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

मामींना तर सगळं माहीत होतंच. शनिवारी त्या पाक करत असताना मी तिथे होतो. ढवळता ढवळता, मामांकडे न बघता त्या म्हणाल्या, "पाजा की एकदा. पोलीस बघत नाही, देवाचं म्हणाल तर मी त्याची समजूत घालीन." मामा बेलवलीची लिंबं पुसत होते. म्हणाले, "मी बघत असतो ना."

रविवारी तोलाराम आला तो बर्फाचा केवढा तरी मोठा तुकडा घेऊन. जणू पुढच्या सगळ्या रविवारांचा एकदम. इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. बसला आणि मला पोरांच्या परीक्षेचं विचारायचं विसरला. मामांनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. त्यांनी बर्फ फोडला, तांब्यात टाकला, उंबऱ्यातून हात घालून बरणी घेतली, पाक ओतला. मग पाण्याकडे जायचा त्यांचा हात जिनच्या बाटलीकडे गेला. क्रम उलटा झाला होता. मी स्टुलावर होतो तिथून मला त्यांचा हात दिसत होता. त्यांनी औषधाचं माप काठोकाठ भरलं आणि तांब्यात रिकामं केलं. त्यांनी तांब्या हलवला, नेहमीपेक्षा जास्तच वेळ. मग पहिला पेला गाळून कठड्यावर ठेवला, तोलारामपुढे. तांब्या स्वच्छ विसळून दुसरा केला, नुसत्या पाकाचा, आणि तो तिवईवर ठेवला, स्वतःच्या जागी. दोन्ही पेले तंतोतंत सारखे दिसत होते. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आलोच. देवापाशी दिवा लावून येतो." मामांनी आयुष्यात कधी दिवा लावला नव्हता, ते काम मामींचं होतं. ते आत गेले.

तोलारामने पेला उचलला. ओठाशी नेला, आणि थांबला. वास मला स्टुलापर्यंत आला होता. त्याला आला नसेल असं कसं म्हणू? त्याने डोळे मिटले. किती तरी वेळ तो नुसता वास घेत राहिला, नाक पेल्यात घालून, लहान मुलं कैरीचा वास घेतात तसा. मग डोळे उघडून त्याने आतल्या दाराकडे पाहिलं. देवघरातून काडी ओढल्याचा आवाज आला, विझल्याचा, पुन्हा ओढल्याचा. तोलाराम हळूच उठला, पेला खांबाकडच्या तिवईवर ठेवला, तिथला पेला उचलून आपल्या जागी येऊन बसला. माझ्याकडे बघून त्याने बोट ओठांवर ठेवलं नाही की डोळा मिचकावला नाही. नुसतं म्हणाला, "बर्फ चांगला आहे आज, मास्तर."

मामा बाहेर आले ते घामाघूम. त्यांनी तोलारामकडे न बघता आपला पेला घेतला आणि एक घोट घेतला. मी त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांनी पेला नाकाशी नेऊन वास घेतला. मग त्यांनी तोलारामकडे पाहिलं. तोलाराम पेला वर धरून, उजेडाकडे बघत, जीभ टाळूला लावून आवाज करत होता.

"साईं," तो म्हणाला, "आज कडक बनवलास."

मामांनी आपला पेला तिवईवर ठेवला. मग म्हणाले, "हो. प्रवास लांबचा आहे तुझा."

त्यानंतर तोलाराम गायला. इतका गायला की कुंपणाशी आजी येऊन उभ्या राहिल्या. त्याने कठड्याला धरून मोरिवलीकडे हात केला, समुद्र म्हणाला, आणि या खेपेला मामाही उठून त्याच्या शेजारी उभे राहिले आणि तिकडे बघत राहिले, जिथे कारखान्याचं धुराडं आणि त्यामागे डोंगर यापलीकडे काही नव्हतं. मामींनी उंबरा ओलांडला नाही, पण त्या दाराशी बसून ऐकत होत्या. मला त्यांचं लुगडं दिसत होतं.

निघताना तोलारामचे पाय लटपटत होते. मामांनी नेहमीसारखी त्याची सायकल धरली, दंड धरला, आणि दोघे फाटकाकडे गेले. उरलेल्या बर्फाचं पाणी व्हरांड्यात पसरत होतं. मी ते पुसायला हवं होतं, पण मी बसून राहिलो. मामा परतायला बराच उशीर झाला. आले ते खुर्चीत न बसता कठड्याशी उभे राहिले आणि कोटाचं वरचं बटण सोडलं. मी काही पाहिलं नाही असा चेहरा करून बसलो होतो. मला तो कधीच नीट जमला नाही.

"जावईबापू," मामा म्हणाले, "मी कायदा मोडला होता. त्यानं मोडू दिला नाही."

मग त्यांनी दोन्ही पेले उचलले, अंगणात उकिडवे बसून राखेने घासले, विसळले आणि पंच्यावर शेजारी शेजारी पालथे घातले. त्यांतला कुठला कोणाचा, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं. आत मामींनी ताट वाढायला घेतलं होतं. त्यांनी विचारलं, किती भाकऱ्या वाढू? मामा अंगणातूनच म्हणाले, वाढ तीन, आज भूक आहे. पण ताटावर बसल्यावर त्यांना एकही पुरती गेली नाही, आणि मामी, ज्या एरवी पानात टाकलेलं शीत खपवून घेत नसत, त्यांनी उरलेल्या भाकऱ्या उचलून झाकून ठेवल्या.